हत्तीनचं पाणी

“हत्तिणीला कधी शिंगं असतात का हो?” मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं आणि सगळी बस हसली.

गाइडनं नुकतंच माइकवर सांगितलं होतं, डाव्या हाताला दिसतात ती हत्तीनची शिंगं. बस इस्रायलात नाझरेथकडून तिबेरियसच्या तळ्याकडे चालली होती. टेकडी तशी किरकोळ. आमच्या माणदेशात असती तर कुणी तिला नावसुद्धा ठेवलं नसतं. दोन टोकं वर आलेली आणि मधे खोलगट, घोड्याच्या खोगिरासारखी. मी मात्र खिडकीला नाक लावून बसले होते. २९ वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. मध्ययुगातल्या ख्रिस्ती-मुस्लीम धर्मयुद्धांवर, म्हणजे क्रुसेडवर, दोन वाक्यं बोलायची आणि पुढच्या धड्याला लागायची. त्या दोनातलं एक वाक्य ह्या टेकडीवर घडलेलं.

आम्ही निघालो होतो खरं तर ठिबक बघायला. सांगोला, आटपाडी, जत ह्या भागातले चाळीसेक डाळिंबवाले, त्यात बायका चौघी. ‘हे’ बागेसाठी आलेले, मी पेन्शनच्या पैशातून ह्यांच्या सोबत. गाइड बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुद्यांपैकी. आजोबा पेणचे, तेलाचा घाणा होता म्हणे. हा लहानपणी आईबापांबरोबर लोदला आला. आता सत्तरी उलटली, पण मराठी खणखणीत. बसमधले सगळे मला बाई म्हणायचे म्हणून तोही म्हणायला लागला.

“भाऊ, बस थांबवता येईल का इथं?”

“बाई, तिथं काही नाहीये हो. किल्ला नाही, देऊळ नाही, तिकीटसुद्धा नाही.”

“टेकडी आहे ना? झालं तर.”

एक वाजता तिबेरियसला माशांचं जेवण ठरलेलं होतं. त्यामुळे तास-सव्वा तासाच्या बोलीवर बस थांबली. पाय मोकळे करायला दहा-बारा जण माझ्याबरोबर उतरले. बाकीचे एसी सोडायला तयार नव्हते, आणि मे महिन्याच्या अखेरच्या त्या उन्हात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

वर चढताना पहिली ओळख पटली ती दगडाची. काळा, जड, कुठं कुठं बारीक भोकं पडलेला. ह्यांनी एक उचलून दुसऱ्यावर आपटला आणि म्हणाले, “हा तर आपलाच पाषाण की.” खरंच होतं ते. हत्तीनची शिंगं म्हणजे विझलेला ज्वालामुखी, आणि आपलं दख्खनही लाव्ह्याचंच. दगडांच्या फटीत गुडघाभर गवत वाढून पार वाळलं होतं. पाय घासला की करकर वाजायचं, सलवारीला कुसळं चिकटायची. माझ्याकडे अर्ध्या लिटरची बाटली होती. ती निम्म्या वाटेतच संपली. बिनवापराचं शहाणपण म्हणजे काय ते तेव्हा कळलं, कारण जन्मभर दुष्काळी तालुक्यात काढलेली बाई बाटली भरून न घेता डोंगर चढायला निघाली होती.

वर पोचलो आणि समोर तळं. निळं, स्वच्छ, पाचशे मीटरहून जास्त खाली. हात लांबवला तर बोटं भिजतील असं वाटावं इतकं उघडं. म्हणजे तहानेनं मरताना त्या लोकांना हे दिसत होतं.

जुलै ११८७. जेरुसलेमवर ख्रिस्ती राज्य येऊन ८८ वर्षं झाली होती. युरोपातून आलेल्या सरदारांची तिसरी-चौथी पिढी इथंच जन्मून मोठी झालेली. राजाचं नाव गी द लुझिन्यां. (इंग्रजी स्पेलिंग बघून आपले लोक ‘राजा गाय’ असं लिहितात, बिचाऱ्याच्या वाट्याला आधीच कमी फजिती आलेली नाही.) समोर सलाउद्दीन, मुळचा कुर्द, इजिप्त आणि सिरिया एका हाताखाली आणलेला. २ जुलैला त्यानं तिबेरियस गाव घेतलं. किल्ल्यात अडकली होती एशिवा, त्रिपोलीचा ख्रिस्ती सरदार रेमंड ह्याची बायको.

ख्रिस्ती फौज तेव्हा सफ्फुरियाला होती. तळ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर. तिथं झरे आहेत, भरपूर पाणी आहे. फौज मोठी होती, सगळी मिळून २०,००० च्या आसपास, त्यात चिलखतवाले सरदार १,२००. राज्यातला एकूण एक किल्ला रिकामा करून माणसं गोळा केली होती. त्या रात्री खलबत झालं. आणि ज्याची बायको वेढ्यात होती तो रेमंडच म्हणाला की जाऊ नका. तिबेरियस माझं, किल्ला माझा, आत बायको माझी. तरी मी सांगतो, गेलं तर जाऊ द्या. वाटेत एक बारीकसा झरा सोडला तर पाणी नाही. ह्या उन्हात एवढी माणसं, एवढी घोडी नेली तर राज्य जाईल. सगळ्यांना पटलं. बैठक उठली. मध्यरात्री टेंप्लर ह्या लढवय्या साधूंच्या पंथाचा प्रमुख, जेरार द रिदफोर, एकटाच राजाच्या तंबूत गेला. रेमंड गद्दार आहे, त्याचं ऐकू नका, म्हणाला. पहाटे कूच करण्याचा हुकूम निघाला.

वर्गात मी इथं ‘राजाचा चुकीचा निर्णय’ असं सांगून मोकळी व्हायची. पुढं निवृत्तीनंतर सवडीनं वाचलं तेव्हा एक गोष्ट सापडली आणि राजाची कीव आली. चार वर्षांपूर्वी, ११८३ मध्ये, अगदी असाच प्रसंग येऊन गेला होता. कुष्ठरोगी राजा बाल्डविन अंथरुणाला खिळलेला, कारभार गीकडे. सलाउद्दीन चालून आला. गी जेझरीलच्या खोऱ्यात झऱ्यांपाशी फौज घेऊन बसला आणि हललाच नाही. समोरच्याचा दाणागोटा संपला, सलाउद्दीन माघारी गेला. एक माणूस फुकट मेला नाही, एक गाव कायमचं गेलं नाही. आणि ह्याचं बक्षीस काय? भित्रा म्हणून दरबारात नालस्ती झाली, कारभार काढून घेतला गेला. पाण्यापाशी बसून राहिल्याची शिक्षा ज्याला एकदा झाली तो दुसऱ्यांदा कसा बसेल? मला वाटतं हत्तीनची लढाई ह्या टेकडीवर नंतर झाली, हरली गेली ती त्या नालस्तीत.

३ जुलैला सकाळी ते निघाले. दुपारपर्यंत तुरआनच्या झऱ्याशी आले. हा तोच बारीक झरा, निम्म्या वाटेच्याही अलीकडे. इथं मुक्काम करता आला असता. पण ते पुढे निघाले, आणि त्यांची पाठ वळताच सलाउद्दीनच्या घोडदळानं मागं जाऊन तो झरा ताब्यात घेतला. सलाउद्दीननं पुढं एका पत्रात लिहिलं की पाणी सोडून पुढं यायची बुद्धी राजाला सैतानानंच दिली. आता मागंही पाणी नाही, पुढंही नाही. बाजूनं घोड्यावरचे तिरंदाज पाऊल उचलू देईनात. रेमंड सगळ्यात पुढं होता. मागून निरोप आला की आता चालवत नाही, थांबा, तेव्हा तो ओरडला म्हणतात की संपलं, आपण मेलो, राज्य बुडालं. रात्र काढली कोरड्या माळावर. समोरच्या छावणीत मात्र उंटांच्या रांगा तळ्यावरून पाण्याच्या पखाली भरभरून आणत होत्या.

“म्हणजे टँकरच लावले की,” आमच्यातला एक जण म्हणाला.

टँकरच. आणि असंही लिहून ठेवलंय की ख्रिस्ती सैनिकांना दिसेल अशा बेतानं काहींनी ते पाणी जमिनीवर ओतलं. मला हे कागदावर वाचताना फारसं काही वाटलं नव्हतं. त्या टेकडीवर, रिकामी बाटली हातात धरून सांगताना गळ्यात आवंढा अडकला. आमच्याकडे टँकर आल्यावर हंडा लवंडला तर बायका एकमेकींच्या झिंज्या उपटतात. पाणी मुद्दाम ओतणं ही शिवी असते, आणि ती कुठल्याही भाषेत कळते.

४ तारखेला सकाळी सलाउद्दीनच्या लोकांनी वाऱ्याची दिशा बघून गवत पेटवलं. हेच गवत. धूर सगळा ख्रिस्ती फौजेवर. पायदळाचा धीर सुटला. ते रांगा मोडून ह्या टेकडीवर चढले आणि बसले. राजानं बोलावलं, बिशपांनी क्रुसाची शपथ घातली, खाली या, लढा. उत्तर आलं: आम्ही तहानेनं मरतोय, आम्ही लढणार नाही. धर्मासाठी हजारो कोस चालत आलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. ज्या लाकडावर येशूला खिळलं असं ते मानत, ते खरं क्रूस खालीच होतं, सोन्यात मढवलेलं, आणि तेही त्यांना उठवू शकलं नाही. क्रूस वाहणारा आक्रे ह्या बंदराचा बिशप मारला गेला, क्रूस सलाउद्दीनच्या हाती पडलं. रेमंड घोडदळाचा एक हल्ला चढवून फळी फोडून निसटला. राजाचा लाल तंबू ह्या टोकावर शेवटपर्यंत उभा होता. सलाउद्दीनचा पोरगा अल-अफ्दल बापाशेजारी घोड्यावर होता. त्यानं सांगितलेली हकिगत इब्न अल-असीर ह्या इतिहासकारानं नोंदवून ठेवली आहे. ख्रिस्ती सरदार दोनदा उलटून आले. दोन्ही वेळा ते मागं हटताना पोरगा ओरडला, “हरवलं त्यांना!” बाप म्हणाला, “गप्प बस. तो तंबू पडेपर्यंत आपण हरवलेलं नाही.” आणि तो बोलत असतानाच तंबू पडला. सलाउद्दीन घोड्यावरून उतरला, जमिनीला डोकं टेकलं आणि रडला.

हे ऐकून घेतल्यावर आमचे ‘हे’ बराच वेळ तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे त्यानं ताण दिला.”

डाळिंबवाल्यांना हे सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळेपर्यंत झाड तहानेवर ठेवायचं, मग पाणी सोडलं की ते जिवाच्या आकांतानं फुलतं. ह्याला ताण देणं म्हणतात. ताण किती द्यायचा, कुठल्या दिवशी तोडायचा, ह्यात सगळी हुशारी. दोन दिवस जास्त झाले की झाड वाळतं. ह्यांना सलाउद्दीनचा धर्म, घराणं, तलवार ह्यात काही रस नव्हता. त्यांना त्या माणसातला पाणी ओळखणारा दिसला, आणि इतकी वर्षं पुस्तकं चाळून मला जे एका शब्दात सांगता आलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं.

लढाईनंतरचा तंबूतला प्रसंग मात्र मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होता. कैदी राजाला सलाउद्दीननं शेजारी बसवलं आणि बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला दिला. राजा प्यायला, आणि उरलेलं शेजारच्या रेनाल द शातियोंला दिलं. हा रेनाल म्हणजे केरकच्या किल्ल्याचा धनी, तह चालू असताना वाटेवरचे तांडे लुटणारा. तांबड्या समुद्रात जहाजं घालून हाजच्या वाटेवर दरोडे घालण्यापर्यंत त्याची मजल गेलेली. त्याला आपल्या हातानं मारीन अशी सलाउद्दीनची शपथ होती. रेनाल प्यायला तसा सलाउद्दीन दुभाष्याला म्हणाला, राजाला सांग, पाणी ह्याला तू दिलंस, मी नाही. कारण अरबांच्या रीतीत ज्याला आपण खाऊ-पिऊ घातलं त्याचा जीव घेता येत नाही. आपल्याकडेही दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग कोण कुठला ते विचारायचं. इथं तर एका घोटावर कायदा उभा. थोड्याच वेळात रेनालचं डोकं उडालं. राजा थरथरायला लागला, तेव्हा त्याला सांगितलं गेलं की राजे राजांना मारत नसतात.

हा प्रसंग सलाउद्दीनच्या मोठेपणाचा म्हणून सांगतात. मीही सांगायची. पण त्याच्या पुढचं पान वाचलं की तो पेला जरा कडू लागतो. टेंप्लर आणि हॉस्पिटलर ह्या दोन्ही पंथांचे दोनशेच्या आसपास कैदी त्यानं ज्यांनी धरले त्यांच्याकडून प्रत्येकी ५० दिनार देऊन विकत घेतले आणि सगळ्यांची मुंडकी उडवली. ते कामही सराईत मारेकऱ्यांना नाही, छावणीतल्या सूफी-पंडितांना दिलं. ज्यांनी कधी तलवार धरली नव्हती त्यांच्या हातून एकेका घावात काम होईना. उरलेले सैनिक गुलाम म्हणून दमास्कसच्या बाजारात इतके आले की भाव ३ दिनारांवर घसरला. एकानं म्हणे पायातल्या वहाणांच्या जोडावर कैदी विकला.

आणि तरीही तीन महिन्यांनी, २ ऑक्टोबरला, जेरुसलेम त्याच्या हाती आलं तेव्हा कत्तल झाली नाही. पुरुषाला १० दिनार, बाईला ५, अशी सुटकेची किंमत ठरली. ज्यांच्याकडे नव्हती ते हजारो गुलाम झाले, हेही तेवढंच खरं. मग तिथलं घुमटाचं पवित्र स्थळ, डोम ऑफ द रॉक, गुलाबपाण्यानं धुऊन काढलं. माणसानं एकाच वर्षात किती तऱ्हेनं पाणी वापरावं!

खाली उतरताना गाइड माझ्या बरोबरीनं चालत होता. मी त्याला १०९९ चं विचारलं. पहिल्या धर्मयुद्धातली फौज ७ जूनला जेरुसलेमच्या तटाखाली आली. आतल्या, इजिप्तच्या फातिमी घराण्याच्या सुभेदारानं आधीच बाहेरच्या विहिरी बुजवून, नासवून ठेवलेल्या. पाणी मिळे ते फक्त सिलोअमच्या कुंडावर, तेही तटाच्या बाणांच्या टप्प्यात, आणि तो झरा सतत वाहणारा नाही. माणसं आणि जनावरं तिथं एकमेकांना तुडवून मेली. मग बैला-म्हशींची कातडी शिवून पखाली केल्या आणि सहा-सहा मैलांवरून पाणी आणलं. ओल्या कातड्यातलं ते पाणी घाण मारायचं. माझे आजोबा मोट हाकायचे. मोटेचं कातडं नीट कमावलेलं नसलं तर पाण्याला येणारा वास त्यांनी मला सांगितला होता, म्हणून ती ओळ वाचली तेव्हा नाकात वास आला. १५ जुलैला ते आत घुसले आणि पुढचे दोन दिवस जे केलं त्याचं वर्णन त्यांच्याच पाद्र्यांनी अभिमानानं लिहिलंय, घोड्यांच्या लगामापर्यंत रक्त आलं म्हणून. ही लगामाची ओळ बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून उचललेली आहे, शब्दशः खरी नाही. कत्तल खरी आहे.

“आणि आमचं काय, बाई?” गाइड म्हणाला. “आमचे लोक सिनेगॉगमध्ये जमले होते. ते आतल्या माणसांसकट पेटवलं. त्याच्याआधी तीन वर्षं, ही मंडळी निघतानाच, जर्मनीत वर्म्स आणि माइन्झला यहुदी कापून निघाली. भांडण क्रूस आणि चंद्रकोरीचं. आम्ही ना ह्यांच्यात ना त्यांच्यात. मार मात्र पहिला.”

ह्यावर मला काही बोलता आलं नाही. थोड्या वेळानं मी, विषय बदलायचा म्हणून, फिरंगी शब्दाचं सांगितलं. ह्या युरोपीय लोकांना अरब क्रुसेडर म्हणत नव्हते, ‘फ्रंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक. मग ते कुठल्याही देशाचे असोत. तोच शब्द फारसीतून ‘फरंगी’ होऊन आपल्याकडे आला. पोर्तुगीज फिरंगी, त्यांच्याकडच्या पोलादी पात्याची तलवार ती फिरंग, आणि चाकणचा किल्ला लढवणारा फिरंगोजी नरसाळा. गाइड हसला. त्याची आजी पेणला इंग्रजाच्या पोराला फिरंगी म्हणायची. धर्मयुद्ध ह्या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे नेमानं लढलेलं युद्ध. सूर्य मावळला की थांबायचं, पाठ दाखवणाऱ्यावर वार नाही. क्रुसेडला तो शब्द कुणी लावला कोण जाणे, पण लावताना फार विचार केलेला दिसत नाही. अर्थात कुरुक्षेत्रावर नेम किती पाळले हाही प्रश्नच, ते सोडा.

बसपर्यंत पोचेस्तोवर माझ्या डोक्यात सगळी धर्मयुद्धं पाण्याच्या दोरीत ओवली जात होती. १०९६ मध्ये सगळ्यात आधी निघालेला जो गरिबांचा जथा, त्यातले लोक झेरिगोर्डोन नावाच्या किल्ल्यात अडकले, पाणी बाहेर. आठ दिवस त्यांनी घोड्यांचं रक्त प्यायलं, पट्टे आणि चिंध्या गटारात बुडवून तोंडात पिळल्या, ओली माती उकरून छातीवर घेतली. जर्मनीचा म्हातारा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा प्रचंड फौज घेऊन निघाला आणि १० जून ११९० ला आजच्या तुर्कस्तानातल्या सालेफ नदीत बुडून मेला. फौज तिथंच विखुरली. १२२१ मध्ये दमिएत्ता जिंकून कैरोकडे निघालेल्यांना नाईलच्या पुरात गाठून सुलतान अल-कामिलनं पाट फोडले, सगळी फौज चिखलात. शरण आल्यावर त्यानंच त्यांना भाकरी घातली.

सगळ्यात जास्त मला रिचर्डचं वाटतं. इंग्लंडचा राजा, सिंहाच्या काळजाचा वगैरे. आक्रे घेतल्यावर, २० ऑगस्ट ११९१ ला, तहाचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून सुमारे २,७०० कैदी सलाउद्दीनच्या छावणीसमोर कापणारा. तोच पुढच्या वर्षी दोनदा बैत नूबापर्यंत आला. जेरुसलेम तिथून २० किलोमीटरच्या आसपास. आणि दोनदा परत फिरला. दुसऱ्या खेपेला २० जणांचं पंच मंडळ नेमलं, त्यांनी नको सांगितलं. सलाउद्दीननं शहराभोवतीची एक विहीर, एक टाकं शिल्लक ठेवलं नव्हतं, आणि जमीन अशी खडकाळ की नवी विहीर खणायची सोय नाही. आपल्याकडे गड बांधताना आधी उदक पाहावं असा दंडक होता. रिचर्डनं निदान वेढा घालण्याआधी पाहिलं. मला तर तो त्याच्या सगळ्या आयुष्यातला शहाणा निर्णय वाटतो, आणि गाण्या-गोष्टींत त्याचं कौतुक नाही. गीनंही तेच केलं होतं ११८३ ला. नंतर रिचर्ड तापानं फणफणला तेव्हा त्यानं शत्रूकडे फळं आणि बर्फ मागितलं. सलाउद्दीननं पेअर, पीच पाठवले आणि डोंगरावरचं बर्फ पाठवलं. ज्यानं विहिरी बुजवल्या त्यानंच. सप्टेंबर ११९२ मध्ये तह झाला, ३ वर्षं ८ महिन्यांचा. जेरुसलेम मुसलमानांकडेच राहिलं, ख्रिस्ती यात्रेकरूंना वाट मोकळी झाली. रिचर्डनं शहर पाहिलं नाही.

त्यानंतर १९१७. इंग्रजांचा जनरल अ‍ॅलनबी जेरुसलेममध्ये पायी चालत शिरला आणि लंडनच्या एका साप्ताहिकानं रिचर्डचं व्यंगचित्र छापलं, माझं स्वप्न पुरं झालं म्हणणारं. ह्या फौजेत हिंदुस्थानातले मुसलमान शिपाई हजारोंनी होते, त्यामुळे सरकारनं वर्तमानपत्रांना ‘क्रुसेड’ शब्द वापरू नका अशी सूचना दिलेली होती. पण मला त्यातलं आवडतं ते दुसरंच. ही फौज सिनाईचं वाळवंट ओलांडून आली ती नाईलचं पाणी नळानं बरोबर घेऊन. सातशे वर्षांत कुणीतरी शिकलं. पुढच्या वर्षी त्या आघाडीवर १०५वी मराठा लाइट इन्फंट्रीही लढली. आपली साताऱ्या-कोल्हापूरकडची पोरं असणार त्यात. ती ह्या रस्त्यानं गेली असतील-नसतील, काळा दगड बघून त्यांना काय वाटलं असेल, कुणी लिहून ठेवलं नाही.

बस निघाली. वळणावर गाइडनं माइक घेतला, पण आवाज खाली आला होता. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर हत्तीन नावाचं गाव होतं, म्हणाला. त्याच गावच्या झऱ्याकडे ख्रिस्ती फौज वळायला बघत होती. १९४८ च्या लढाईत गाव रिकामं झालं, लोक परत आले नाहीत. पडकी मशीद आहे, मिनार आहे, निवडुंगाच्या वया आहेत. सफ्फुरियाचंही तेच झालं. मग त्यानं माइक बंद केला आणि थोडा वेळ काचेतून बाहेर बघत राहिला. कुणी काही विचारलं नाही.

तिबेरियसजवळ येताना तो पुन्हा मूळ विषयावर आला, म्हणजे आमच्या. ह्या तळ्यातून पंपानं पाणी उचलतात, जवळजवळ अडीचशे मीटर वर. १९६४ पासून. तिथून कालव्यानं नेतोफाच्या खोऱ्यातून पश्चिमेला, मग मोठ्या पाइपातून पार दक्षिणेच्या वाळवंटापर्यंत. आपण परवा ठिबकवर मिरची बघितली ना, त्या बाजूला.

मी मांडीवर नकाशा उलगडला. नेतोफाचं खोरं. त्याच्या दक्षिणेच्या कडेला सिप्पोरी, म्हणजे सफ्फुरिया. पाणी आता तळ्याकडून सफ्फुरियाकडे जातं, ख्रिस्ती फौज ज्या मुलखातून तळ्याकडे निघाली होती त्याच मुलखातून, उलट्या दिशेनं.

“अडीचशे मीटर उपसा?” आटपाडीच्या एका काकांनी मोबाइलवर हिशोब सुरू केला होता. त्यांच्या शेतावर टेंभू योजनेचं पाणी येतं, तेही कृष्णेतून टप्प्याटप्प्यानं उचलून. “एचपी किती म्हणायचे मोटारींचे? आणि लाइटबिल कोण भरतं?”

हॉटेलात ह्याच विषयावर सगळे बोलत होते. बिल सरकार भरतं की शेतकरी, पट्टी मीटरनं की एकरी. आम्ही बसलो तसा वेटरनं काही न विचारता बर्फ घातलेल्या पाण्याचा जग टेबलावर आणून ठेवला. बाहेरून जगाला घाम फुटलेला. ह्यांनी ग्लासाची वाट न बघता जग उचलला, वरून घटाघटा प्यायले आणि उरलेलं शेजारी बसलेल्या आटपाडीच्या काकांपुढे केलं.

मला एकदम हसू आलं. काका जग तोंडाशी नेता नेता थांबले.

“काय झालं बाई? पाण्यात काय आहे काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “प्या तुम्ही. जग वेटरनं दिलाय.”